एकविसावी जास्वंद

लालबाग, मुंबई
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप रामूमामा यांच्या चरणी,

जगदीशचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून कागदावर घालतो आहे. तो पुरता धरावा.)

तुमचा दमा कसा आहे? मामीचा मोतीबिंदू काढला का, की अजून 'पिकू दे, पिकू दे' चाललंय? (मामा, तो फणस नाही.) तांबू व्याली असं कळलं, पण पाडी झाली की पाडा ते कुणी सांगत नाही. आमच्याकडे सगळं ठीक. पद्मजाची पाठ पावसाळ्यात बोलते, एरवी पद्मजा बोलते. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरता, मामी तो स्पीकरवर टाकते आणि मग अख्खी वाडी अंगणात बसून ऐकते. आज जे लिहायचं आहे ते वाडीच्या कानावर जाऊन उपयोगाचं नाही. तेव्हा पत्र एकट्याने वाचावं आणि वाचून झाल्यावर तांदळाच्या पिंपात ठेवावं.

तर मामा, आपण जिंकलो. आपण म्हणजे तुमची बहीण, माझी आई. शेवंतीने केलेलं मखमलीचं फूल यंदा आमच्या चाळीच्या गणपतीच्या मुकुटावर दहा दिवस बसलं, लोकांनी रांग लावून त्याला हात जोडले, आणि ते तिथे चढवलं कुणी? गंगूकाकीने! होय, त्याच गंगूकाकीने. तुम्ही आत्ता चष्मा काढून पुसला असणार. पुसा, मी थांबतो.

गंगूकाकी म्हणजे बारा नंबरच्या खोलीतली गंगुबाई, हे तुम्हांला सांगायला नको, पण मामीला आठवत नसेल म्हणून लिहितो. (पत्र एकट्याने वाचा म्हटलं तरी मामी वाचणारच.) वय ब्याऐंशी, मूळची मालवणची, मुंबईत साठ वर्षं काढली तरी बोली तसूभर हललेली नाही. चाळीच्या गणपतीची पूजा तिच्या देखरेखीखाली होते. दूर्वा ती स्वतः मोजून घेते, आणि जास्वंदीचं फूल तर असं उलटंपालटं करून बघते की फूलवाल्याला घाम फुटतो. एकेचाळीस वर्षांपूर्वी आईने या गणपतीसाठी मखमली जास्वंदींचा हार केला होता, एकवीस फुलांचा. तेव्हा ती गिरगावात कार्मेनबाईंच्या माळ्यावर फुलं करायला जायची. कार्मेनबाई ख्रिस्ती नवरीच्या डोक्यावरचा मेणाच्या फुलांचा मुकुट करायच्या आणि आईकडे मखमल आणि साटीनचं काम होतं. कापडाला खळ द्यायची, पाकळ्या कापायच्या, पितळेची गोळी स्टोव्हवर तापवून एकेका पाकळीला बाक द्यायचा, देठाच्या तारेला हिरवा कागद गुंडाळायचा. जास्वंदीच्या मधल्या तुऱ्यासाठी ती दोऱ्याला डिंक लावून हळदीत घोळवलेला रवा चिकटवायची. (आमच्या घरी शिरा कमी व्हायचा तो यामुळे.) कार्मेनबाईंचं काम सांभाळून, घरचं आवरून, तिने तीन महिने तो हार केला. चतुर्थीला नवं लुगडं नेसून मांडवात घेऊन गेली. गंगूकाकीने हार हातात घेतला, एक फूल उलटं करून पाहिलं, देठाची तार तिच्या बोटाला लागली. सगळ्यांसमोर म्हणाली, "देवाक खोटा चलाचा नाय," आणि हार नेऊन बाहेरच्या बांबूला बांधला. जिथे लोक चपला काढतात, तिथे.

आई एक गळून पडलेलं फूल पदरात घालून घरी आली. भाकऱ्या थापल्या. ते फूल तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि रव्याला कीड लागू नये म्हणून सोबत लवंगा टाकल्या. त्यानंतर ती बत्तीस वर्षं जगली, किती नववधूंची डोकी तिने सजवली त्याला गणती नाही, पण देवासाठी म्हणून तिने पुन्हा फूल केलं नाही. (राग मानू नका मामा, पण त्याआधी तिने तुम्हांला पाठवलेलं कापडी झेंडूचं तोरण तुम्हीही गोठ्याच्या दाराला लावलं होतंत. "बरं झालं, गाय तरी खाणार नाही," एवढंच ती म्हणाली होती.) हे मला आयुष्यभर सलत होतं. आता सलत नाही. का, ते सांगतो.

आमचा गणपती साडेतीन फुटांचा. लालबागेत साडेतीन फुटांच्या गणपतीकडे लोक येतात ते मोठ्या गणपतीची रांग कुठून सुरू होते हे विचारायला, नाहीतर पाणी प्यायला. यंदा आमचा सेक्रेटरी हर्षवर्धन (टेलर जाधवांचा नातू, कपाळावर कायम गॉगल) मीटिंगमध्ये म्हणाला की देखावा शैक्षणिक पाहिजे. मी म्हटलं, कृत्रिम फुलांचा इतिहास करू. कुणीतरी पंखा बंद आहे का ते पाहिलं. मग बटाटेवडे आले, आणि ते गार होऊ नयेत म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. गंगूकाकीने मात्र अट घातली. मूर्तीपुढे तिने स्वतःच्या हाताने सुतळी बांधली आणि बजावलं की एकही खोटं फूल या सुतळीच्या आत येता कामा नये. बघत माझ्याकडे होती.

मामा, या विषयात मी किती खोल गेलो हे तुम्हांला कळायला हवं, कारण इथे कुणाला त्याची कदर नाही. माणसाने खोटी फुलं आज केलेली नाहीत. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी शिंगाचे पातळ काप रंगवून फुलं करत. (शिंग मिळेना, म्हणून मी वडिलांचा शिंगाचा कंगवा कानशीने घासला. पद्मजा दोन दिवस बोलली नाही. तिची पाठही बोलली नाही.) रोममध्ये सोन्या-चांदीच्या पत्र्याची पानं करून विजेत्याच्या डोक्यावर घालत, आम्ही ती वड्यांखालच्या चंदेरी कागदाची केली. चीनमध्ये रेशमाची फुलं, इटलीत रेशमाच्या कोषांची. आणि आपण काही मागे नव्हतो! आपलं बाशिंग भेंडाचं, म्हणजे पाण्यातल्या झाडाच्या गाभ्याचं. त्यावरची फुलं खोटीच की. लग्नात नवरदेवाच्या कपाळावर खोटं फूल चालतं आणि देवाला चालत नाही, हा कुठला न्याय? हा प्रश्न मी फलकावर लाल अक्षरांत लिहिला होता. काकीने तो वाचला, पुढे गेली. शेवटचा फलक हाँगकाँगच्या प्लास्टिकच्या फुलांचा. आठवतं ना, एके काळी चाळीतल्या प्रत्येक टेबलावर प्लास्टिकचे गुलाब असत आणि दिवाळीला बायका ते सोड्याच्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घालत? तशी दोरीच बांधली होती. लोकांना तोच फलक सगळ्यांत आवडला.

इटलीच्या फलकाने मात्र घात केला. हर्षवर्धनने कुठूनसे रेशमाचे कोष आणले, ते मी तारेवर गुंफले, पण ते जिवंत आहेत हे आम्हांला दोघांनाही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला त्यांतून पांढरी गुबगुबीत पाखरं बाहेर आली. ती उडत नाहीत, नुसती चालतात. इटलीतून निघून चीनमार्गे मोदकांच्या ताटापर्यंत आली. काकीने एकेकाला कागदावर घेऊन खाली पारिजातकावर सोडलं आणि मला म्हणाली की तुझ्या खोट्या फुलांत हीच काय ती खरी वस्तू निघाली. तेव्हा मला राग आला नाही, कारण तोवर मी जिंकून दोन दिवस झाले होते.

ते असं झालं. कार्मेनबाईंच्या फलकाखाली मी आईची पितळी गोळी, पाकळ्या कापायचे ठसे आणि डब्यातली ती एकच जास्वंद मांडली होती. फूल ठेवायला पद्मजाने काय दिलं, तर आमचं पूजेचं तबक. चतुर्थीला सकाळी दादरहून फुलं आली. हर्षवर्धन करंडीवर बसून आला होता, त्यामुळे एक जास्वंद चेपली आणि वीसच राहिल्या. एकवीस नाहीत म्हणजे पूजा अडली. भटजी घड्याळ बघतायत, काकी "एकविसावा खय?" म्हणून ओरडतेय. तेवढ्यात नऊ नंबरमधली मनवा (कॉलेजला जाते, सगळ्याचं रील करते) मांडवात फिरून आली आणि म्हणाली, "ए, इथे तबकात आहे ना एक!" तबक उचलून काकीच्या हातात दिलं. मी त्या वेळी शिडीवर रोम बांधत होतो आणि दातांत चार खिळे होते. ओरडलो असतो तर गिळले असते. (नंतर खिळे काढले तरी ओरडलो नाही, हे तुम्हांला म्हणून सांगतो.) काकीने फूल उचललं. मूर्तीसमोर क्षणभर थांबली. वीस फुलं चरणांशी वाहिली होती. हे तिने मुकुटावर ठेवलं. सुतळीच्या आत! जन्मभर फुलं पारखणारी बाई, आणि आईच्या हातचं ओळखू शकली नाही! मी शिडीवरून उतरलो तो उतरलो नाही, तरंगलो.

खरी जास्वंद संध्याकाळी मिटते. वीसच्या वीस मिटल्या, एकविसावी टवटवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने निर्माल्य काढलं, पण त्या एका फुलाला हात लावला नाही. ताजं आहे ते कशाला काढायचं, म्हणाली. मनवाने त्याचं रील केलं: 'लालबागमधली न कोमेजणारी जास्वंद'. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात रांग. मामा, रांग! मोठ्या गणपतीची रांग चुकून नव्हे, आमची स्वतःची. परळहून, वडाळ्याहून, प्रभादेवीहून माणसं आली. चौथ्या दिवशी कुणाला तरी फुलाला लवंगेचा वास आला. जास्वंदीला वासच नसतो, तेव्हा हा चमत्कार पहिल्यापेक्षा मोठा ठरला. एका बाईने शपथेवर सांगितलं की तिची दाढदुखी थांबली. (लवंगेने थांबते, त्यात देवाचा काय संबंध.) कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं बघत राहिले आणि ही दुर्मीळ जात असावी, असं बोलून प्रसाद घेऊन गेले. आणि या सगळ्या वेळात, चार पावलांवर, 'कृत्रिम फुलांचा इतिहास' असा सहा फुटी फलक होता! एकालाही काही सुचलं नाही. माणसं फुलाकडे बघत होती, फलकाकडे पाठ करून.

मी अगदीच निगरगट्ट नाही. पाचव्या दिवशी हर्षवर्धनला बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्याने गॉगल कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि म्हणाला, "जग्गूकाका, पाया पडतो, तोंड उघडू नका. आपल्याकडे पहिल्यांदा कोणतरी मुद्दाम आलंय." तो पडलाही पाया. मग मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे काय सुख असतं ते मला या दहा दिवसांत कळलं. रोज दुपारी गर्दी कमी झाली की मी समोरच्या बाकावर बसायचो आणि वर मुकुटाकडे बघायचो. आईने बाक दिलेली पाकळी, आईने हळदीत घोळवलेला रवा. आपल्यालाच इथे बसायचा मान आहे, अशा थाटात ते फूल बसलेलं. तीन महिने राबून चपलांपाशी टांगून घेतलेल्या माझ्या आईला लोक कुठून कुठून येऊन हात जोडत होते. मामा, मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. (हे मामीने पद्मजाला सांगू नये.)

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली. ते फूल मागून घ्यावं असं फार मनात होतं, पण मागायचं काय सांगून? काकीने सगळं निर्माल्य आपल्या टोपलीत भरलं, फूलही त्यातच गेलं, आणि टोपली घेऊन ती खोलीत गेली. गिरगाव चौपाटीला तिने निर्माल्याच्या कलशात टोपली उपडी केली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. आईची शेवटची खूण गेली म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पद्मजा म्हणते मी रडलो. तो गुलाल होता. पण गेली ती कशी गेली! वाजतगाजत, देवाच्या अंगावरची होऊन. यापुढे कुणी खोट्या फुलांना नाक मुरडलं तर मी नुसता हसणार आहे. तुमच्यासमोरसुद्धा.

येत्या अष्टमीला आईचं श्राद्ध आहे. तुम्ही तिकडून तिच्या नावाने एक पान वाढा. मामीला नमस्कार, तांबूच्या पिल्लाला (जे असेल ते) गोंजारणं. एवढा विजय एकट्याला पचत नव्हता म्हणून तुम्हांला वाढला.

तुमचा भाचा,
जगदीश

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. सहाव्या दिवशी आरतीनंतर, पन्नासेक माणसांसमोर, गंगूकाकीने मला मोठ्याने विचारलं, "जगदीशा, खयसून हाडलंस रे ह्या फूल?" मी गांगरलो. तोंडातून निघून गेलं की कुडाळचं, माझ्या मामाच्या घरामागच्या परड्यातल्या झाडाचं. लोकांनी तिथूनच कुडाळच्या दिशेला हात जोडले. (दिशा चुकली होती, वांद्र्याला जोडले.) आता मंडळाने ठरवलं आहे की दसऱ्याच्या आदल्या दिवशी बस करून झाडाच्या दर्शनाला यायचं आणि फांद्या आणून चाळीत लावायच्या. अडतीस माणसं आहेत. तुमच्याकडची जास्वंद तुम्ही पंपाची खोली बांधताना तोडलीत, हे मला बस ठरल्यावर आठवलं. तरी कृपा करून आठ दिवसांत एक भरल्या फुलांची लाल जास्वंद परड्यात उभी करावी. रोपवाटिकेतून आणा, शेजाऱ्यांची मागा, काय वाटेल ते करा. बुंध्याशी थोडं शेण आणि जुनी पानं टाकली की रोप पूर्वीपासूनचं वाटतं. लवंगेच्या वासाचं काय करायचं ते मी तिथे आल्यावर बघतो.

ता. क. २. तोरण अजून गोठ्याच्या दाराला असेल तर बस यायच्या आत काढावं. टाकू नये, आत ठेवावं.

ता. क. ३. मामा, पाकीट चिकटवून ठेवलं होतं ते पुन्हा फोडलं. आत्ता गंगूकाकी येऊन गेली. जिना चढून आली होती, आधी नुसती खुर्चीत बसून धापा टाकत राहिली. मग पदराखालून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात दिली. उघडली तर आईची जास्वंद. निर्माल्यातून तिने ती आधीच काढून ठेवली होती. म्हणाली, "हातात घेतलंय तेवाच तार बोटाक लागली. शेवंतीचा फूल, तेवाच वळाखलंय. मगेच वाह्यलंय." पुडीचा रिकामा कागद तिने घडी करून ठेवला. "तुझ्या आवशीक तेवाच वाहूक दिवक होया होता. एकेचाळीस वर्सां माका रोज वाटता. अष्टमीक तिच्या फोटोक घाल, माझ्याकडसून." मग डोळे पुसले आणि पद्मजाने दिलेला चहा पिऊन टाकला.

मी तिला फसवलं असं समजून दहा दिवस बाकावर बसून हसत होतो, मामा. ओळखून, जाणून, सगळ्यांच्या देखत सुतळीच्या आत तिने ते फूल नेलं. आईला हे कळायला हवं होतं. मी आत्ता रडतोय, आणि आज घरात गुलाल नाही.

जाताना दारात थांबून ती म्हणाली की बसमध्ये तिची खिडकीची जागा ठेव, मामाचं ते झाड तिला स्वतःच्या हाताने उलटंपालटं करून बघायचं आहे. म्हणताना हसत होती. तेव्हा मामा, झाड लावाच. तिला आता खोटं फूल चालतं, पण खोटं झाड चालवून घेईल असं मला वाटत नाही.